भेगा पडाव्यात अशी माती

माझ्या चौघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू एका दिवसात चोवीस ज्वालामुखी बनवले होतेस, हे खरं आहे का?" त्याच्या आदल्या महिन्यात मधलीने मला ऐकवलं होतं की ते मी भंडाऱ्याच्या बाजारातून तयार विकत आणले होते. आणि तुमच्या आजोबांच्या सांगण्यात तर ज्वालामुखी उरतच नाही, फक्त मुंग्या उरतात. एका घरात एका गोष्टीच्या तीन आवृत्त्या झाल्या आहेत आणि एकही बरोबर नाही. फोनवर दुरुस्त करायला गेले की तुमच्यापैकी कोणाची तरी शाळेची गाडी येते. म्हणून आता लिहूनच पाठवते. चौतीस वर्षं मी भूगोल आणि इंग्रजी शिकवलं. चुकीचं उत्तर दिसत असताना पुढचं पान उलटणं मला जमत नाही. गोष्ट मोठीची आहे, म्हणून तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण मी रडले होते असं लिहू नकोस." ती रडली नव्हतीच.

तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि सुट्टीत परदेशातून एकटीच आमच्याकडे आली होती. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या पुढच्या खोलीत जुना नकाशा गोंदियासकट तसाच टांगलेला होता. त्या नकाशाखालच्या टेबलावर तिने आल्या आल्या बॅग उघडली. मोज्यांमध्ये गुंडाळलेल्या चोवीस मूर्ती निघाल्या. सैनिक, शिंगं असलेले राक्षस, एक पंख मोडलेला पक्षी. प्रत्येक जण माझ्या अंगठ्याएवढा. रंगकाम तिने स्वतः केलेलं होतं आणि ते इतकं बारीक होतं की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मूर्तींबरोबर एका पिशवीत चोवीस काळ्या प्लास्टिकच्या चकत्या होत्या, बाटलीच्या झाकणाएवढ्या.

धाकट्याला खेळ माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. हा टेबलावर खेळायचा लढाईचा खेळ आहे. प्रत्येक मूर्ती एका चकतीवर उभी असते. मी त्या चकतीला बैठक म्हणते. ही बैठक नुसती काळी ठेवत नाहीत. ज्या देशातली लढाई, त्या देशाची जमीन तिच्यावर करतात. गवताचा देश असेल तर गवत, बर्फाचा असेल तर बर्फ. मोठीच्या लढाईचा देश आगीच्या डोंगरांचा होता. म्हणजे प्रत्येक बैठकीवर थिजलेला लाव्हा हवा, आणि त्याच्या भेगांतून आग दिसायला हवी. त्यासाठी लागणारा तयार चिखल आणि रंग तिने आणले होते, पण हातातल्या बॅगेत ठेवल्यामुळे ते विमानतळावरच राहिले.

मी म्हटलं, "मग परत गेल्यावर कर."

"परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी शनिवार आहे," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी तिच्या बाबांनी गाव बदललं होतं. नव्या शाळेत एप्रिलपर्यंत ती डबा एकटीच खात होती. गावच्या वाचनालयात शनिवारी पाच मुलं हा खेळ खेळत. ती जवळच्या खुर्चीवर बसून पाहायची. त्यांनी तिला कधी हाकललं नाही आणि कधी बोलावलंही नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मोठी लढाई ठरली होती. बैठका कोण करणार, असं एकाने विचारलं आणि हिने हात वर केला. त्यांच्यासमोर ती पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. या चोवीस मूर्तींपैकी सहाच तिच्या होत्या. बाकीच्या त्या मुलांनी तिच्या हवाली केल्या होत्या.

"मी रिकाम्या हाताने गेले तर ते रागावणार नाहीत, आजी. ते म्हणतील, ठीक आहे. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी विचारतील."

मी म्हटलं, "तू रिकाम्या हाताने जाणार नाहीस."

असं बोलून बसले खरी. तिच्या विमानाला सतरा दिवस होते, आणि ज्वालामुखीबद्दल मला जे काही माहीत होतं ते सगळं पुस्तकातलं होतं. पुण्याकडच्या मुलांच्या पायाखाली निदान लाव्हाचा दगड असतो. आपल्या भागात तोही नाही. आपला दगड त्याच्याहून पुष्कळ जुना आहे. हे मी वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगत आले होते, आणि आता त्या जुनेपणाचा काही उपयोग नव्हता.

आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. पाणीच पाहिलं. आग पाहाची राहिली होती, ते तुम्ही दोघी दाखवून राहिल्या."

मी त्यांनाच कामाला लावलं. कारध्याच्या बाजूला नदीकाठी काळे खडे मिळतील म्हणून पाठवलं. ते ऑटोने गेले, छत्री घेऊन आले, आणि रुमालभर खडे टेबलावर ओतले. खडे काळे होते, पण वैनगंगेने त्यांना इतकं घासलं होतं की ते जांभळाच्या बियांसारखे दिसत होते. लाव्हा खरखरीत, टोकदार, छिद्रांचा असतो. मोठीने एक खडा बोटांत फिरवला आणि आजोबांना वाईट वाटू नये म्हणून खिशात ठेवला.

छिद्रांचा, हलका, खरखरीत. हे शब्द मी वहीत लिहिले आणि लिहिता लिहिताच मला उत्तर सापडलं. स्वयंपाकघरातला डबा उघडला आणि मूठभर मुरमुरे टेबलावर ठेवले. मुरमुरा हलका असतो, फुगलेला असतो, आणि चुरला की अगदी पुस्तकातल्या चित्रातल्या दगडासारखा दिसतो. चिकटवायला खळ होतीच. आमच्या घरात पुस्तकांची कव्हरं, पाकिटं, फाटलेले नकाशे, सगळं तांदळाच्या पिठाच्या खळीने चिकटवलं जाई. धानाच्या मुलखात वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

मोठीने विचारलं, "पण आजी, हे खायचं आहे ना?"

"रंग दिल्यावर कोण खाणार?" मी म्हटलं.

पुस्तकं बांधणारा खळीत मोरचूद घालतो, म्हणजे किडे लागत नाहीत. मला ते माहीत होतं. मोरचूद विषारी आणि घरात मूल, म्हणून मी ते घातलं नाही. दोन दिवस आम्ही चुरलेले मुरमुरे चिमट्याने बसवत होतो. दुकानातून आणलेला काळा रंग दिला, उंचवट्यांवर लाल दिला. चोवीस बैठका ओळीने मांडल्या तेव्हा मी तुमच्या आजोबांना मुद्दाम बोलावून दाखवल्या. त्यांनीही मान डोलावली.

पावसाळी हवेत त्या वाळेनात. मी पंख्याखाली ठेवल्या. चौथ्या दिवशी त्या मऊच होत्या, पाचव्या दिवशी आंबूस वास येऊ लागला, आणि सहाव्या दिवशी सकाळी मोठीने मला हाक मारली. तिचा आवाज अगदी सपाट होता. टेबलाच्या पायापासून वरपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. ज्या बैठकांवर मुंग्या नव्हत्या त्यांच्यावर पांढरी बुरशी होती. एक मुंगी लाल रंगाचा कण तोंडात धरून नकाशावर चढत होती.

आजोबा म्हणाले, "लढाई झाली वाटते. मुंग्या जिंकल्या."

कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच चकत्या धुवायला बसले. मोठीने मूर्ती पुन्हा मोज्यांत गुंडाळायला घेतल्या. एकेक मूर्ती मोज्यात घालायची, मोजा दुमडायचा, बाजूला ठेवायचा. मी वर्गात खूप मुलं पाहिली आहेत. जे मूल रडतं त्याला अजून काहीतरी मिळण्याची आशा असते. ही आवराआवर करत होती.

चूक माझी होती. तिने मला विचारलं होतं, हे खायचं आहे ना, आणि मी बाईंच्या थाटात उत्तर दिलं होतं. मी तिला तसं सांगितलं. मग म्हटलं, "अकरा दिवस आहेत. मोजे काढ."

त्या दिवशी आम्ही पितळेच्या गल्लीत गेलो. तिथल्या एका ओतकाम करणाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात होती. मला एवढंच हवं होतं की पितळ वितळवल्यावर भट्टीत उरणारी काळी, काचेसारखी मळी थोडी मिळावी. ती टोकदार असते आणि मुंग्या ती खात नाहीत, यापुढे माझा विचार गेला नव्हता.

तो माझ्याच वयाचा असेल. बनियन, गुडघ्यापर्यंत धोतर, भुवया जळून अर्ध्या झालेल्या. मी मळी मागितल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग मोठीकडे पाहिलं.

"मळी? आमी फेकून राहिलो ते. तुमाले कायले पायजे मॅडम?"

मोठीने खिशातून एक राक्षस काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या मराठीत समजावलं. हा इथे उभा राहतो, याच्या पायाखाली आग आहे, आग वरून थंड झाली आहे, पण आत गरम आहे. त्याने राक्षस उलटा करून त्याचे तळपाय पाहिले.

"रंग कोनं देल्ला?"

"मी."

"होय का माय? तुह्या हाताले शिस्त आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मळी तं देतो. पन मळीखाली जमीन कायची करता?"

मी सांगितलं, भिंतीला लावायची पुट्टी.

"पुट्टी तं सपाट बसते. भेगा कशा येतीन?"

"चाकूने पाडू."

तो हसला. त्याची बायको दारात बसून तांदूळ निवडत होती, तीही हसली. मला तेव्हा कारण कळलं नाही. त्याने कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून मातीचा गोळा काढला. गावच्या तळ्याची, कापडातून गाळलेली माती. अंगठ्याने तुकडा तोडून त्याने तो विटेवर पातळ पसरवला आणि वीट भट्टीच्या कडेला ठेवली. मग आम्हाला बाकावर बसायला सांगून स्वतःच्या कामाला लागला.

साचा करताना या मातीत ते लोक धानाचं तूस आणि शेण कालवतात. तसं केलं नाही तर वाळताना माती फाटते आणि ओतलेलं पितळ भेगांतून बाहेर येतं. हे त्याने काम करता करता सांगितलं. "बापानं मले पयले हेच शिकवलं. माती फाटली तं मार. आता तुमी मले फाटाची माती मांगून राहिल्या. मंग काय, तूस नोको टाकू, शेन नोको टाकू. नुसती ठेव. ते आपोआप फाटते."

त्याची बायको म्हणाली, "माह्या हातून एक साचा फाटला होता, तं दोन दिवस बोलले नाई मायासंगं. अन् आज मॅडमसाठी मुद्दाम फाडून राहिले."

"तू मॅडम नाईस ना," तो म्हणाला.

अर्ध्या तासात विटेवरच्या मातीला भेगा पडल्या होत्या. चाकूने पाडलेल्या भेगा सरळ येतात. या भेगा एकमेकींना भेटत होत्या, वळत होत्या, मधे लहान लहान तुकड्यांची बेटं करत होत्या. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात असंच चित्र होतं. ते मी कितीदा फळ्यावर काढलं होतं आणि ते कसं घडतं हे मला माहीतच नव्हतं.

आम्ही निघणार होतो, तेवढ्यात त्याने भट्टीतून मूस बाहेर काढली. मूस म्हणजे पितळ वितळवायचं भांडं. त्याने आम्हाला दाराशी उभं राहायला सांगितलं. लांब चिमट्यात धरलेल्या त्या भांड्यात पितळ होतं, आणि बाहेर काढताच दुधावर यावी तशी त्याच्यावर साय येऊ लागली. साय काळी, राखाडी. त्याने सळईने ती जराशी हलवली तेव्हा ती तडकली आणि तडकलेल्या जागी आतून पिवळा उजेड दिसला. इतका पिवळा की डोळे मिटावेसे वाटले. भेगेच्या कडेला तोच उजेड नारिंगी होता, मग लाल, मग काळी साय. पाहता पाहता भेग पुन्हा झाकली गेली.

मोठीने माझा हात धरला होता. ती म्हणाली, "आजी, आपण उलटं केलं होतं."

खरंच उलटं केलं होतं. आम्ही उंचवट्यांवर लाल दिला होता आणि खोलगट जागा काळ्या ठेवल्या होत्या, कारण चित्र काढताना उंच जागा उजळ करायची असते असं मी तिला शिकवलं होतं. इथे उंच होतं ते थंड होतं. सर्वांत उजळ रंग सर्वांत खोल होता.

ओतकाम करणाऱ्याने तिचं बोलणं ऐकलं. "तेच तं," तो म्हणाला. "आग खाली राह्यते. वरचं समदं मेलेलं."

मातीचा गोळा, मळीची पुडी आणि एक सूचना घेऊन आम्ही घरी आलो. सूचना ही की पावसाचे दिवस आहेत, तेव्हा वाळवायला भट्टीपाशी आणा.

पुढचा वाद आमच्या दोघींतला आहे, आणि मोठी तो सांगताना मी लगेच मान्य केलं असं सांगते. मी केलं नव्हतं. माझं म्हणणं होतं की आधी चकतीवर माती लावायची, ती फाटू द्यायची, मग बारीक ब्रशने भेगांत पिवळा रंग भरायचा. आधी भिंत, मग चुना. ती म्हणाली, आधी सगळी चकती पिवळी करायची आणि त्यावर माती लावायची. माती फाटली की पिवळं आपोआप दिसेल.

"रंगावर माती? कोण करतं असं?"

"तिथे आग आधी होती, आजी. साय नंतर आली."

"माती गुळगुळीत रंगावरून सुटून जाईल."

"कदाचित."

"कदाचित म्हटल्याने अकरा दिवस बारा होत नाहीत."

आजोबा म्हणाले, "दोन-दोन करून पाहा ना. परीक्षा घ्या. तुम्हाला परीक्षा घ्याची सवय आहे." म्हणून दोन माझ्या पद्धतीने आणि दोन तिच्या पद्धतीने केल्या आणि दुसऱ्या दिवशी भट्टीच्या कडेला ठेवून आलो. माझ्या दोनही ठीक वाळल्या, पण भेगांत ब्रश शिरेना. माझा हात तेव्हाही थोडा थरथरायचा. रंग कडांवर सांडला आणि खालची चकती काळीच दिसत राहिली. तिच्या दोनांपैकी एकीवरची माती आख्खी सुटून हातात आली, पापडासारखी. दुसरीवर मात्र टिकली होती. भेगांच्या तळाशी जो पिवळा होता तो कोणी भरलेला वाटत नव्हता. तो खालून येत होता.

मी वहीत माझ्या पद्धतीवर आडवी रेघ मारली. तिच्या पद्धतीतली सुटणारी माती हा आता माझा प्रश्न झाला. प्रश्न माझ्याकडे आला की मला बरं वाटतं. चकत्या आधी सॅन्डपेपरने खरखरीत केल्या. मातीखाली सुताराच्या पांढऱ्या डिंकाचा पातळ हात दिला. माती वाळून फाटली की तोच डिंक आणखी पातळ करून ड्रॉपरने थेंब थेंब भेगांच्या कडांना सोडला, म्हणजे मातीची बेटं जागेवर धरली जातात. मातीत काळा रंग कालवला. मोठीने चकत्या तीन रंगांत रंगवल्या. मधे जवळजवळ पांढरा पिवळा, मग नारिंगी, कडेला लाल. मळीचे तुकडे हातोडीने फोडले ते मी. डोळ्यांवर आजोबांचा स्कूटरचा चष्मा लावून अंगणात बसले होते. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "मॅडम, काय फोडून राहिल्या?" मी म्हटलं, डोंगर.

रोज सकाळी ऑटोने गल्लीत जायचं, ताटात मांडलेल्या बैठका भट्टीच्या कडेला ठेवायच्या आणि संध्याकाळी आणायच्या. पहिल्या आठ नीट वाळल्या. दुसऱ्या ताटातल्या पाच फार जवळ ठेवल्यामुळे चकत्याच वाकल्या. प्लास्टिक वितळेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मोठीने माती खरवडून त्या गरम पाण्यात धरल्या आणि दोन पुस्तकांमध्ये दाबून सरळ केल्या. पाचांपैकी चार सरळ झाल्या. पाचवीला बाक राहिला. सहा दिवस उरले असताना आमच्याकडे अकरा तयार होत्या, चार दिवस उरले असताना सोळा. एक दिवस भट्टी पेटलीच नाही, कारण त्याच्या घरी पाहुणे होते. त्या दिवशी मी तव्यावर वाळू तापवून तिच्यावर जाळी ठेवली आणि जाळीवर बैठका. मोठी दर पाच मिनिटांनी बोट लावून पाहत होती. आजोबांना त्या दिवशी पोळ्या मिळाल्या नाहीत. त्यांनी दही-पोहे खाल्ले. त्यांचा याही कामात वाटा आहे, हे नोंदवून ठेवते.

शेवटी राखेचं काम राहिलं होतं. राईस मिलमागे धानाच्या तुसाची राख ढिगाने पडलेली असते. ती चहाच्या गाळणीने गाळून मळीच्या तुकड्यांभोवती भुरभुरवली. मूर्ती मोठीने चिकटवल्या. मी हात लावला नाही. ती प्रत्येक मूर्तीला जागा शोधत होती. कोण भेगेच्या काठावर उभा राहील, कोण मळीच्या दगडावर पाय देईल, हे ती ठरवत होती, आणि ठरवताना इंग्रजीत स्वतःशी बोलत होती. पंख मोडलेल्या पक्ष्याला तिने बाक आलेल्या चकतीवर ठेवलं. म्हणाली, "हा पडता पडता उतरलाय."

निघायच्या आदल्या दुपारी चोविसावी झाली. ओतकाम करणाऱ्याला दाखवायला आम्ही सगळ्या घेऊन गेलो. त्याने बाकावर ओळीने मांडायला लावल्या आणि उकिडवं बसून एकेक पाहिली. मग एकीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बरोबर नाई. इथं माती जाड झाली, तं भेग मोठी पडली. एवढी मोठी भेग असन तं आग बाहेर वाह्यते. असं उभं नाई राह्यत कोनी तिथं." मोठीने ती बैठक उचलली, घरी येऊन मूर्ती सोडवली, माती ओली करून खरवडली आणि पुन्हा पहिल्यापासून केली. मी तिला म्हटलं की त्या पाच मुलांना हे कळणार नाही. ती म्हणाली, "मला कळलंय ना आता." वर्गात मी हेच शिकवायचा प्रयत्न करत होते आणि फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यात कापूस घालून त्या चोवीस मूर्ती नागपूरच्या विमानतळावर गेल्या. आम्हाला दारापर्यंतच जाता आलं. आत तपासणीच्या ठिकाणी एका बाईने ट्रे उघडायला लावला, हे तिने नंतर सांगितलं. त्या बाईने एक राक्षस उचलून पाहिला, दुसऱ्या बाईला हाक मारून दाखवला, आणि परत ठेवताना कापूस नीट दाबून दिला.

आमच्या रविवारी सकाळी म्हणजे तिच्या शनिवारी रात्री फोन आला. मी आजोबांना फोन घेऊ दिला नाही.

"किती पोचल्या?" मी विचारलं.

"तेवीस. एकीची माती सुटली. मी तिथेच डिंकाने लावली."

"मुलं काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. एकाने उचलून वास घेतला. मग विचारलं, हा दगड खरा आहे का. मी म्हटलं, हो, पितळेच्या भट्टीतला आहे."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं की भेगा कशाने पाडल्या. मी म्हटलं पाडल्या नाहीत, पडल्या. मग मला सगळं सांगावं लागलं. मुंग्यांचंही."

"आणि लढाई?"

"हरलो आम्ही," ती म्हणाली. आवाज इतका आनंदी होता की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आजी, पुढच्या महिन्यात दलदलीचा देश आहे. ते विचारत होते, दलदल कशी करायची."

मी म्हटलं, "दलदलीबद्दल तुझ्या आजोबांना विचार," आणि फोन त्यांना दिला.

तर एका दिवसात नाही, सतरा दिवसांत झालं, आणि त्यातले सहा माझ्यामुळे गेले. विकत आणलेलं नव्हतं. मुंग्या होत्या, पण त्या सुरुवातीला. रंग आधी आणि माती नंतर ही युक्ती माझी नाही, तुमच्या ताईची आहे. भेगांची माती तिचीही नाही, त्या माणसाची आहे. त्याची भट्टी आता बंद झाली आहे. तो मुलीकडे पवनीला राहतो आणि पितळ ओतत नाही.

चोवीस बैठकांपैकी तीन अजून मोठीकडे आहेत. अठरा त्या मुलांकडे गेल्या, दोन घर बदलताना हरवल्या. एक, भेग फार मोठी पडली म्हणून खरवडून पुन्हा केलेली, तिने मला परत पाठवली. ती माझ्यासमोर आहे. माती सुटलेली नाही.